मुळशी खोऱ्यातील परसबाग : देशी झुडपे व बहुवर्षायू वनस्पतींच्या निवडीचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

घराभोवतीच्या बागेसाठी देशी झुडपे व बहुवर्षायू वनस्पती निवडाव्यात, हा विचार अलीकडच्या काळात पुणे परिसरात रुजू लागला आहे. तो केवळ पर्यावरणविषयक जाणिवेतून आलेला नवा विचार आहे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात या निवडीची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली आहे. आज्ञापत्रातील झाडीविषयक आज्ञा, वसाहतकालीन वनस्पतिसूची व सरकारी बागा, १९२१ चा मुळशी सत्याग्रह, देवरायांचे संशोधन आणि १९९० नंतरचे बंगल्यांचे विश्व असे टप्पे विचारात घेतले आहेत. वृक्षाची नोंद झाली व शोभेच्या परदेशी रोपाचीही झाली. मात्र परसातील झुडूप व कंद बहुतांशी नोंदीबाहेर राहिले, आणि आजच्या निवडीतील अडचणींचे मूळ या विस्मरणात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परसबाग, देशी वनस्पती, मुळशी, देवराई, कारवी, वसाहतकालीन उद्यानविद्या.

प्रस्तावना

मुळशी तालुका सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून पुणे शहराच्या पश्चिम वेशीपर्यंत पसरलेला आहे. पौड हे तालुक्याचे ठिकाण. पश्चिमेस ताम्हिणीचा घाट हा महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या प्रदेशांपैकी एक असून पूर्वेस पिरंगुट, भूगाव या बाजूस येईपर्यंत पावसाचे मान झपाट्याने उतरते. अवघ्या काही कोसांच्या अंतरात सदाहरित राई, कारवीचे उतार, भातखाचरे आणि पानझडीचे माळ असे वेगवेगळे वनस्पतिविश्व आढळते. चार महिने अखंड पाऊस आणि आठ महिने जवळजवळ कोरडे हवामान, खाली बेसॉल्टचा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर ही येथील निसर्गाची चौकट आहे. या चौकटीत टिकणारी झुडपे व कंद येथे हजारो वर्षे वाढत आले आहेत.

असे असूनही आज या तालुक्यात जी घरे व शेतघरे उभी राहत आहेत, त्यांच्या अंगणात हिरवळीचे गालिचे, क्रोटन, अकॅलिफा, दुरांटा व बोगनवेल यांचेच प्राबल्य दिसते. कुंपणापलीकडच्या टेकडीवर धायटी फुललेली असते आणि कुंपणाच्या आत टँकरने आणलेल्या पाण्यावर परदेशी हिरवळ जगवली जाते. ही विसंगती केवळ अभिरुचीची मानून सोडून देणे योग्य ठरणार नाही. कोणती वनस्पती घराजवळ असावी व कोणती रानात राहावी, याविषयीच्या कल्पना इतिहासक्रमात घडत जातात. त्या कशा घडल्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘देशी’ या शब्दाचा प्रश्न

मराठी घराच्या दृष्टीने ‘आपले’ झाड आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मूळचे झाड यांत मोठे अंतर आहे. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा, देवळासमोरचा पांढरा चाफा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला, संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ याही अमेरिकेतल्याच. सदाफुली मादागास्करची. ज्या फळाला सीतेचे नाव मिळाले, ते सीताफळही समुद्रापलीकडून आले. स्पर्श होताच मिटणारे लाजाळू लहान मुलांना आपल्या मातीतले वाटते, परंतु तेही मूळचे अमेरिकेतील. पूजेतील लाल जास्वंद तर कोणत्याही रानात स्वाभाविकपणे वाढताना सापडत नाही. मानवी हातांनीच ती देशोदेशी फिरवली.

भाषेने काही वनस्पतींचे परकेपण मात्र लक्षात ठेवले आहे. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या नावात ‘मोगली’ आहे, गोड गराच्या विलायती चिंचेच्या नावात ‘विलायती’ आहे. ही विशेषणे भौगोलिकदृष्ट्या अचूक नाहीत, कारण दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील. तथापि ‘ही बाहेरून आली’ एवढी लोकस्मृती त्या नावांत जपली गेली. उलट चाफ्याच्या बाबतीत स्मृती पूर्णपणे पुसली गेली. सोनचाफा हा भारतीय वृक्ष, त्याचे नाव परदेशी पाहुण्याला दिले गेले आणि दोन-तीन शतकांत पाहुणा घरचा झाला. लोकनामे ही इतिहासाची साधने आहेत, परंतु ती काळजीपूर्वक वाचावी लागतात, असा याचा अर्थ होतो.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. भारतीय वनस्पती आणि मुळशीतील वनस्पती हे दोन समानार्थी शब्द नव्हेत. गणेशपूजेतील एकवीस पत्रींमध्ये आघाडा, माका, डोरली, रुई, शमी, जाई यांच्या बरोबरीने देवदाराचेही नाव येते. देवदार हिमालयातील वृक्ष आहे, सह्याद्रीत तो वाढत नाही. पत्रीची यादी एखाद्या खोऱ्याची वनस्पतिसूची म्हणून तयार झालेली नसून ती शास्त्रपरंपरेतून आली आहे. तरीही या प्रथेमुळे भाद्रपदात एकदा तरी आघाडा व माका यांच्यासारख्या सामान्य वनस्पतींकडे लक्ष जाते, हे तिचे सांस्कृतिक मूल्य मान्य केले पाहिजे. गौरीच्या सणात तेरड्याला देवीचे रूप मिळते. तेरडा पावसाळ्यापुरता जगणारा, म्हणून बहुवर्षायू वनस्पतींच्या विचारात तो येत नाही. मात्र रानातील फुलाला घरात मानाचे स्थान देण्याची रीत त्यातून दिसते.

झाडी राखण्याची परंपरा

शिवकालीन व शिवोत्तर राज्यव्यवहाराचे दर्शन घडविणाऱ्या आज्ञापत्रात झाडांविषयी आलेले विवेचन प्रसिद्ध आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेला हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला मानला जातो. आरमारासाठी आंबा, फणस यांसारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडे मालकाच्या संमतीवाचून तोडू नयेत, ही त्यातील आज्ञा वारंवार उद्धृत केली जाते. त्या मानाने दुर्गप्रकरणातील सूचनांकडे कमी लक्ष गेले आहे. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष व लिंबू-नारिंगासारखे लहान वृक्ष लावावेतच, त्याशिवाय फुलझाडे व वेलीही लावाव्यात, किंबहुना उपयोगी असो वा निरुपयोगी, जे झाड तेथे येत असेल ते लावून जतन करावे, असे तेथे सांगितले आहे. गडाच्या भोवतीची दाट झाडी हे गडाचे संरक्षण असल्याने तिच्यातील एक काठीही तोडू देऊ नये, असाही आदेश आहे.

या सूचनांचा मुळशीशी निकटचा संबंध आहे. कोरीगड, घनगड, कैलासगड हे दुर्ग याच तालुक्यात आहेत. त्यांच्या उतारांवरील झाडी म्हणजे कारवी, करवंद, कळक, उक्षी, मुरुडशेंग यांची गुंतागुंतीची जाळी होय. या जाळीला लाकूड म्हणून बाजारात किंमत नव्हती. शत्रूला चढू न देणारा कोट म्हणून मात्र तिचे मोल राज्यकर्त्यांनी ओळखले होते. ‘जे झाड येत असेल ते’ हा निकष आजच्या परिभाषेत सांगायचा तर स्थानिक परिस्थितीला अनुरूप वनस्पतींची निवड करण्याचाच निकष ठरतो. अर्थात, आज्ञापत्राच्या कर्त्यासमोर जैवविविधतेचा आधुनिक विचार नव्हता. दुर्गाची गरज व लाकडाची भविष्यातील उपयुक्तता हा त्यामागील हेतू होता. आधुनिक कल्पना भूतकाळावर लादण्याचा मोह येथे टाळलाच पाहिजे.

परस : नोंदीबाहेरचे उद्यान

पुण्यातील पेशवेकालीन बागांविषयी कागदपत्रांतून माहिती मिळते. मावळातील कुणब्याच्या परसाविषयी तशी दप्तरे नाहीत. त्याचा अंदाज घर, अन्न व औषध यांच्या खुणांवरून बांधावा लागतो.

मावळातील जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असत. काठ्या विणून त्यावर शेण-मातीचा गिलावा दिला जाई. कारवी सात-आठ वर्षे वाढते, मग एकाच हंगामात डोंगरच्या डोंगर निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातो, बी धरते आणि तो पिढीचा पिढी ताटवा मरून जातो. वाळलेली कारवी तोडण्याने पुढील पिढीचे नुकसान होत नसे. एका झुडपाच्या आयुष्यक्रमावर घरबांधणीचे वेळापत्रक अवलंबून असल्याचे हे उदाहरण आहे.

कुंपणासाठी निगडी व अडुळसा यांची निवड होई. दोन्हींना गुरे व शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि दोन्ही घरगुती औषधांत उपयोगी पडतात. अडुळशाचा काढा खोकल्यावर, निगडीच्या पाल्याचा शेक दुखऱ्या सांध्यावर हे उपचार सर्वपरिचित आहेत. करवंदाच्या जाळीने काटेरी कुंपण मिळे व वैशाखात फळेही मिळत. भारंगीची कोवळी पाने व फुले, दिंड्याचे कोवळे कोंब, कुड्याची फुले या रानभाज्या घराच्या आसपास राखल्या जात. धायटीची लाल फुले आसव-अरिष्टांच्या किण्वनासाठी वापरली जात असल्याने त्यांना वैद्यांकडे मागणी असे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळी वाढत. शतावरी, अनंतमूळ यांसारख्या मुळांच्या वनस्पती बांधावर सोडून दिलेल्या असत.

या बागेचे तीन विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला विशेष असा की, लावलेले आणि राखलेले यांत तेथे स्पष्ट सीमा नव्हती. आपोआप उगवलेले रोप उपयोगाचे असल्यास ते उपटले जात नसे, आणि बाग बहुतांशी याच रीतीने घडत असे. दुसरा विशेष असा की, स्वतंत्र सिंचनाची अपेक्षा नव्हती. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा विशेष म्हणजे तिचे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे व वैदूंकडे होते. ते बोलण्यातून व हातातून पुढे जात असे. ज्ञानाचा हा प्रकार दप्तरात येत नाही, म्हणून दप्तरावर आधारलेल्या इतिहासातही तो येत नाही.

सूची, सरकारी बाग आणि नवी अभिरुची

एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील वनस्पतींची शास्त्रीय मोजणी सुरू झाली. मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांची मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपोआप वाढणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या असे तीन वर्ग तिच्या शीर्षकातच नमूद आहेत. परसात जी सीमा पुसट होती, ती येथे छापील शब्दांत आखली गेली. १८६१ मध्ये डॅलझेल व गिब्सन यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ आला. त्यातही बाहेरून आलेल्या वनस्पतींसाठी वेगळी पुरवणी जोडली आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला व तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. मुळशीच्या उत्तरेस असलेल्या खंडाळ्याच्या वनस्पतींवरील फादर सांतापाव यांचा ग्रंथ १९५३ चा आहे. देशी वनस्पती कोणती, हे आज निश्चितपणे सांगता येते ते या परंपरेमुळेच. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

मात्र याच काळात सरकारी बागांनी घरगुती अभिरुचीला वेगळे वळण दिले. पुण्याजवळ दापुरी येथे गव्हर्नरांच्या निवासस्थानालगत वनस्पतिउद्यान स्थापन झाले होते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी तेथील वनस्पतींची चित्रे एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. ही चित्रे आज एडिनबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, परंतु चित्रकाराचे नाव ज्ञात नाही. दापुरीच्या बागेत स्थानिक वनस्पतींबरोबर जगाच्या निरनिराळ्या भागांतील वनस्पती वाढवल्या जात होत्या. १८७३ मध्ये गणेशखिंडची बाग सुरू झाली. तिचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांच्या भारतातील बागकामावरील पुस्तकाच्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकापाठोपाठ आवृत्त्या निघाल्या. एम्प्रेस गार्डन, लष्कराच्या छावणीतील बंगले आणि पुष्पप्रदर्शने यांतून बंगल्याच्या बागेचा एक नमुना तयार झाला. समोर हिरवळ, कडेला एकसारखे कापलेले कुंपण, ऋतुमानाप्रमाणे बदलणारे फुलांचे वाफे आणि कुंड्यांतील रंगीत पाने हे त्याचे घटक होते. सुशिक्षित मराठी मध्यमवर्गाने वाड्यातून बंगल्यात येताना हा नमुना जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला. तुळशीवृंदावन राहिले, पण परस मागे पडले.

शोभेसाठी आणलेल्या सर्वच वनस्पती बागेच्या आत राहिल्या नाहीत. घाणेरी म्हणजे लँटाना ही १८०९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. आज सह्याद्रीच्या उतारांवर तिची जंगले माजली आहेत आणि धायटी, पांगळी, मुरुडशेंग यांची जागा तिने व्यापली आहे. एका बागेतील निवडीचा परिणाम शेकडो कोसांवरील डोंगरावर, दोन शतकांनंतर दिसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. पुढे १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला. त्या काळातील लागवडीत सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांसारख्या जलद वाढणाऱ्या परदेशी झाडांना प्राधान्य मिळाले. रोपवाटिकांतही तीच रोपे सहज उपलब्ध झाली. निवड करणाऱ्यासमोर पर्यायच कोणते असावेत, हे पुष्कळदा रोपवाटिका ठरवत असते.

मुळशी सत्याग्रह आणि बुडालेले परस

मुळा खोऱ्यात धरण बांधून पश्चिमेस भिरा येथे वीज निर्माण करण्याची टाटा कंपनीची योजना आणि तिच्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीला सुरू झालेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्यामुळे ‘सेनापती’ ही उपाधी प्राप्त झाली. विनायकराव भुस्कुटे हे त्याचे दुसरे प्रमुख कार्यकर्ते होते. आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध असलेले हे खोरे व त्यातील सुमारे पन्नास गावे धरणाच्या पाण्याखाली गेली. भिरा येथील वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. या लढ्याचा अभ्यास जमिनीची मालकी, सावकारी, भरपाई व औद्योगिक विकास या अंगांनी झालेला आहे. राजेंद्र व्होरा यांचा ग्रंथ त्या दृष्टीने मोलाचा आहे.

वनस्पतींच्या अंगाने या घटनेकडे पाहिल्यास आणखी एक हानी लक्षात येते. भूसंपादन त्या काळी १८९४ च्या कायद्यानुसार होत असे. भरपाई ठरवताना जमिनीचे बाजारमूल्य व जमिनीवरील उभी पिके आणि झाडे विचारात घेण्याची तरतूद त्यात होती. आंब्याचे झाड मोजता येते, त्याचे उत्पन्न सांगता येते. निगडीचे कुंपण, भारंगीचा ताटवा, बांधावरची शतावरी, माळामागची करवंदाची जाळी यांचे बाजारमूल्य कसे सांगणार? ज्यांची किंमत ठरत नाही त्यांची भरपाई होत नाही, आणि ज्यांची भरपाई होत नाही त्यांची नोंदही राहत नाही. विस्थापित कुटुंबाने नव्या जागी घर बांधले, कदाचित आंब्याची कोयही लावली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या परसाचा क्रम तेथे तुटला. त्या परसाबरोबर कोणती वनस्पती कोठे, कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात मिळते, हे ज्ञानही स्थलभ्रष्ट झाले. असे ज्ञान स्थळाशी बांधलेले असल्याने त्याचे स्थलांतर करणे कठीण असते.

देवराई : शिल्लक राहिलेले मूळ

खोऱ्यातील परस गेले, तरी मूळ वनस्पतींचा एक साठा लोकश्रद्धेने राखला होता. तो म्हणजे देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या या राईत कुऱ्हाड चालवायची नाही, अनेक ठिकाणी तर वाळलेली काडीही उचलायची नाही, असा दंडक असे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९७५-७६ मध्ये त्यावरील लेख प्रसिद्ध करून त्यांच्या संरक्षणाची गरज मांडली. पुणे जिल्ह्याचा घाटमाथा हे त्यांच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे क्षेत्र होते. अनेक देवरायांचे क्षेत्र लहान असले, तरी आजूबाजूच्या डोंगरावर न उरलेल्या वनस्पती त्यांत टिकून असल्याचे या अभ्यासातून पुढे आले.

घरगुती बागेच्या दृष्टीने देवराईला दुहेरी महत्त्व आहे. या परिसरात मानवी हस्तक्षेप कमी असताना कोणती वनस्पती कोणाच्या सावलीत, कोणत्या थरात वाढते, याचा तो जिवंत नमुना आहे. उंच वृक्षांखाली अंजनीसारखे लहान वृक्ष, त्याखाली झुडपे, त्याखाली पेव व रानहळदीसारखे कंद आणि सर्वांना गुंफणारे वेल अशी तिची रचना असते. त्याचप्रमाणे ती बियाण्याचा स्रोत ठरू शकते. मात्र येथे सावधगिरी आवश्यक आहे. देवराई गावाच्या सामूहिक श्रद्धेची व व्यवस्थेची आहे. शहरातून आलेल्या हौशी बागप्रेमीने तेथून रोपे उपटून नेणे हे देशी वनस्पतिप्रेमाच्या नावाखाली केलेले अपहरणच ठरेल. गावाच्या संमतीने, दंडकाच्या मर्यादेत, बाहेर पडलेले बी तेवढे घेणे हाच योग्य मार्ग होय.

निवडीचे निकष

१९९० नंतर हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र, पिरंगुटचे औद्योगिक क्षेत्र, लवासा व अँबी व्हॅलीसारखी नगरे आणि असंख्य बिगरशेती भूखंड यांनी मुळशीचा चेहरा बदलला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ताम्हिणी परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. संरक्षित क्षेत्राबाहेरची जमीन मात्र खासगी मालकांच्या निर्णयावर अवलंबून आहे. भूखंडावर पहिले काम होते ते ‘साफसफाई’चे. यंत्राने जमीन सपाट केली जाते, झुडपे काढली जातात, मोठी झाडे तेवढी ठेवली जातात. वृक्ष मोजण्याची व झुडूप दुर्लक्षिण्याची जुनी सवय येथे पुन्हा दिसते. यानंतर देशी रोपांची खरेदी सुरू होते, हा विरोधाभास आहे.

वरील ऐतिहासिक विवेचनावरून काही निकष मांडता येतात. पहिला निकष राखण्याचा आहे. परसाच्या रीतीप्रमाणे जागेवर काय आहे ते एक संपूर्ण वर्ष पाहावे व मगच लागवड ठरवावी. रानहळद, पेव, कळलावी यांचे कंद कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत मातीखाली सुप्त असतात. उन्हाळ्यात मोकळी दिसणारी जागा वळवाच्या सरींनंतर फुलणारा ताटवा असू शकते. फावडे चालवण्यापूर्वी एक पावसाळा थांबणे हे त्यामुळे फार मोलाचे ठरते.

दुसरा निकष स्थानाचा आहे. ताम्हिणीकडे जे सहज वाढते ते भूगावच्या माळावर वाढेलच असे नाही. घाटमाथ्याच्या बाजूस अंजनी, कारवी, रामेठा, कुसर ही निवड स्वाभाविक ठरेल. पूर्वेकडील कोरड्या उतारांवर धायटी, मुरुडशेंग, गेळ, करवंद, निगडी यांचा विचार व्हावा. धायटी उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते व तिच्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात. ओढ्याकाठी ओलावा टिकतो तेथे निगडी, तर सावलीत पेव व दिंडा हे योग्य सोबती आहेत.

तिसरा निकष कालाचा आहे. कारवी लावणाऱ्याने सात-आठ वर्षे वाट पाहण्याची व एका फुलोऱ्यानंतर ताटवा गेल्याचे स्वीकारण्याची तयारी ठेवावी. बाग बाराही महिने हिरवी व फुललेली असावी ही अपेक्षा बंगल्याच्या नमुन्यातून आली आहे. सह्याद्रीचा ऋतुक्रम ती मान्य करत नाही. उन्हाळ्यातील करडेपण हा या भूमीचा स्वभाव आहे आणि टँकरचे पाणी हा तो नाकारण्याचा खर्च आहे.

चौथा निकष उगमाचा आहे. देशी वनस्पतींना मागणी वाढली की त्या रानातून खणून विकण्याचा मोहही वाढतो. आमरी, कंदीलपुष्प, सर्पगंधा यांना हा धोका विशेष आहे. बी, छाट कलम वा रोपवाटिकेतील पैदास यांतूनच वनस्पती घ्यावी. पुणे जिल्ह्यातील शिंदळ माकुडीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. कड्याकपारीत वाढणारी ही मांसल बहुवर्षायू वनस्पती डॅलझेल यांनी जुन्नर परिसरातून प्रकाशात आणली व गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिच्या प्रजातीचे नाव ठेवले. निसर्गात अत्यंत दुर्मीळ असलेली ही वनस्पती छाट कलमांनी सहज वाढते. त्यामुळे कड्यावरील मूळ झाडाला धक्का न लावता ती अनेक बागांतील व घरांतील कुंड्यांत पोहोचू शकली. घरगुती बाग संवर्धनाला हातभार लावू शकते, हे यावरून दिसते. कुंडीतील रोप कड्यावरील अधिवासाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे.

पाचवा निकष विवेकाचा आहे. झेंडू, गुलबक्षी, पांढरा चाफा यांना अंगणातून हद्दपार करण्याचे कारण नाही. त्यांनी मराठी सणवारांत स्थान मिळवले आहे आणि त्यांनी घाणेरीप्रमाणे डोंगर व्यापलेले नाहीत. परके असणे हा दोष नसून कुंपण ओलांडून इतरांची जागा हिरावणे हा दोष आहे. वनस्पतीच्या मूलस्थानाचा प्रश्न माणसांच्या मूलस्थानाच्या वादाशी जोडण्याची चूकही टाळली पाहिजे. कळलावीसारखी वनस्पती पूर्णपणे देशी असूनही तिचा कंद अत्यंत विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरात ती लावताना विचार करावा लागतो.

समारोप

मुळशीतील घरगुती बागेचा इतिहास पाहता, देशी झुडपांची निवड हा विस्मृतीत गेलेल्या एका व्यवहाराचा पुनर्विचार आहे, असे म्हणता येते. आज्ञापत्राने जाळीचे मोल ओळखले, कुणब्याच्या परसाने ते रोजच्या जीवनात वापरले, वनस्पतिशास्त्राने त्याला नाव दिले. बंगल्याच्या बागेने व भरपाईच्या हिशेबाने मात्र ते वगळले. आज शास्त्रीय ग्रंथ उपलब्ध आहेत, देवराया काही प्रमाणात शिल्लक आहेत आणि हौशी व अभ्यासू नागरिकांचा वर्गही आहे.

या चित्रातील एक दुवा सहसा दुर्लक्षित राहतो. मुळशीतील अनेक बंगल्यांवर माळी वा राखणदार म्हणून काम करणारी माणसे याच खोऱ्यातील गावांची आहेत. भारंगी कोणती, दिंडा कधी खुडावा, कारवी पुढे कधी फुलेल, हे त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांना सांगता येते. दिवसभराच्या कामात मात्र त्यांना याच वनस्पती तण म्हणून उपटाव्या लागतात. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, इतिहास व मराठी विभागांनी एकत्र येऊन गावोगावच्या परसांची, नावांची व उपयोगांची नोंद केल्यास, आणि त्या नोंदीत सांगणाऱ्याचे नाव मानाने लिहिल्यास, शंभर वर्षांपूर्वी भरपाईच्या हिशेबात न आलेली संपत्ती निदान ज्ञानाच्या हिशेबात येईल. ती सांगू शकणारी पिढी आज वृद्ध झाली आहे, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.